भुताची गाडी : तालमीच्या नोंदी

१७ ऑगस्ट, रविवार

ठरलं एकदाचं. अरनॉल्ड रिडलीचं 'द घोस्ट ट्रेन' हे इंग्रजी नाटक करायचं. तीन वर्षं मी आमच्या दिग्दर्शक सरांच्या मागं लागलोय, दरवेळी त्यांचं एकच, अरे त्यात गाडी आहे, आपल्या सोलापूरच्या हुतात्मा नाट्यगृहाच्या स्टेजवर गाडी कुठनं आणू, आणि दरवेळी मी सांगायचो सर गाडी नुसती ऐकू येते, दिसत नाहीच. आज त्यांनी पूर्ण वाचून आणलं होतं. चप्पल काढता काढताच म्हणाले, "खरंच की रे, एकदाही दिसत नाही."

नवीन पोरांसाठी गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं एक आडबाजूचं स्टेशन, रात्रीची वेळ, पुढची गाडी चुकलेली, पाचसहा प्रवासी वेटिंग रूममध्ये अडकलेत. स्टेशनमास्तर सांगतो की रात्री इथनं एक गाडी जाते, ती गाडी नाही भूत आहे, जो बघतो तो मरतो. प्रवाशांमध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक भांडणारं जोडपं, एक वयस्कर बाई आणि एक टेडी डीकिन नावाचा महाबडबड्या माणूस. हसणं आणि घाबरणं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलंय. शेवटी कळतं काय ते कळतं, ते इथं लिहीत नाही, पुढं लिहावंच लागणार आहे.

रिडलीला हे सुचलं कसं ते मला फार आवडतं. हा माणूस एकदा मँगट्सफील्ड नावाच्या स्टेशनवर गाडी चुकून अडकला. स्टेशनात चिटपाखरू नाही. आणि बाजूच्या वळणाच्या लाइनवरनं एक एक्सप्रेस गेली जी त्या स्टेशनात येतच नव्हती, म्हणजे गाडी आल्याचा आवाज झाला, गेल्याचा झाला, आणि समोरचे रूळ रिकामे. बस्स. आठवड्याभरात नाटक लिहून मोकळा. लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरला नोव्हेंबर १९२५ ला लागलं, समीक्षकांनी फारसं कौतुक केलं नव्हतं तरी मार्च १९२७ पर्यंत चाललं, साडेसहाशेच्या वर प्रयोग. म्हणजे येत्या नोव्हेंबरात शंभर वर्षं. आपला प्रयोग त्याच महिन्यात झाला पाहिजे हे मी आजच सांगून टाकलं, कुणी नाही म्हणलं नाही.

रिडली १९८४ ला वारले, आपल्याकडं लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे परवानगी लागणार. मेल आजच टाकला. परवानगीशिवाय तिकीट लावायचं नाही, ह्यावर सर आणि मी दोघंही ठाम.

२४ ऑगस्ट, रविवार

लॅपटॉपवर १९४१ चा सिनेमा बघितला, अकरा जण आणि एक स्क्रीन. वॉल्टर फोर्डचा. ह्याच फोर्डनं १९३१ ला पण हाच सिनेमा केला होता, म्हणजे एकाच दिग्दर्शकानं दहा वर्षांत दोनदा. १९४१ मध्ये त्यांनी डीकिनचे दोन तुकडे केले, विनोदी भाग आर्थर आस्कीला दिला आणि उरलेला रिचर्ड मर्डॉकला, कारण ती जोडी तेव्हा रेडिओवर गाजत होती. आमच्यातल्या बारक्याला आस्की लई आवडला. मला नाही. विनोद करणारा एक आणि डोकं चालवणारा दुसरा असं केलं की मूळ गंमतच जाते, कारण नाटकात ज्याला आपण दोन अंक मूर्ख समजत असतो तोच खरा हुशार निघतो. ते एकाच अंगात पाहिजे.

आणि दुसरं म्हणजे सिनेमात गाडी दिसते. दाखवावीच लागते म्हणा, पडद्यावर माणूस बघायलाच आलेला असतो. शेवटी पूल उघडा आणि गाडी पाण्यात. बघायला भारी आहे, पण मी आमच्या लोकांचे चेहरे बघत होतो, गाडी दिसल्यावर सगळे आरामात मागं टेकून बसले. नुसता आवाज येत होता तेव्हा पुढं वाकले होते. मी वहीत एवढंच लिहिलं, दिसली की भीती संपली.

बाकीच्या सिनेमांचं जेवढं वाचलंय तेवढं सांगितलं. पहिला १९२७ चा, ब्रिटिश-जर्मन, गेझा फॉन बोल्वारीचा, आणि तो मूकपट! जे नाटक कानावर उभं आहे त्याचा मूकपट. १९३१ च्या सिनेमाचं तर आणखी वाईट झालं, तो अर्धवटच शिल्लक आहे, चित्राची पाच रिळं आणि आवाजाची फक्त दोन. म्हणजे आवाजच जास्त हरवला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. नंतर डच भाषेत १९३९ ला झाला, डॅनिशमध्ये अगदी १९७६ ला. आणि १९३७ चा 'ओह, मिस्टर पोर्टर!', तो ह्याचं रूपांतर म्हणून केलेला नाही पण कथेचा सांगाडा इथनंच उचललाय, फक्त स्टेशन आयर्लंडच्या सरहद्दीवर नेलंय आणि बंदुका पळवणारे लोक भुताच्या नावाखाली गाडी चालवतात.

झालं, सस्पेन्स फुटला. भूत नसतंच. नाटकात रशियातनं मशीनगन आणून क्रांती करायला निघालेली टोळी असते, लोकांनी रात्री रुळाकडं फिरकू नये म्हणून भुताची आवई. १९४१ मध्ये तीच टोळी जर्मनांची होते. ज्या वर्षी ज्याची भीती, त्या वर्षी तो गाडीत.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती चालू आहेत, चौकाचौकात स्पीकर, वाचन कुणाला ऐकूच येईना. तरी तीन तास वाद झाला. भाषांतर की रूपांतर.

सरांचं म्हणणं कॉर्नवॉल तसंच ठेवू, सूट घालू. आक्का (मिस बोर्न, म्हणजे ती वयस्कर बाई, करणार आहेत) म्हणाल्या, "सर, मी हॅट घालून 'अगं बाई' म्हणले तर पहिली रांग हसंल, आणि ते हसणं आपल्याला नको असलेलं." बरोबर आहे.

मग मी माझं घोडं पुढं दामटलं. बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला सुरू झाली, पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. अडीच फुटी रूळ, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरचं डोकं. आता सगळी ब्रॉडगेज झाली पण आमच्या आईच्या पिढीला ती गाडी अजून कानात आहे. आणि मुख्य म्हणजे बार्शी इकडं मुंबई इलाख्यात, आणि पांगरी सोडून येडशीकडं निघालं की निजामाची हद्द. एकच गाडी, दोन राज्यं. साल १९४८, उन्हाळा संपत आलाय, हैदराबादचा निकाल लागायचाय, सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी हत्यारांची ने-आण. पांगरी आणि येडशीच्या मधे, रामलिंगच्या घाटाजवळ एक काल्पनिक स्टेशन.

सगळे गप्प. मग सर म्हणाले, "हे तू आजच सुचलं म्हणून सांगतोयस?" मी म्हणलं नाही सर, तीन वर्षांपूर्वी.

परवानगीच्या मेलमध्ये रूपांतराचं सविस्तर लिहून परत पाठवलं.

७ सप्टेंबर, रविवार

आमच्या गल्लीतले अण्णा, रेल्वेत गार्ड होते, ऐंशी पार. त्यांच्याकडं संहिता घेऊन गेलो. काकूंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढं ठेवलं, अण्णा चष्मा लावून पहिलं पान वाचायला लागले आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबले.

मूळ नाटकात डीकिनची हॅट खिडकीतनं उडते म्हणून तो साखळी ओढतो, गाडी थांबते, उशीर होतो, पुढची गाडी चुकते, सगळे त्याच्यावर खवळलेले असतात. मी तसंच ठेवलं होतं.

"बार्शी लाइटला साखळी कुठली रे? टोपी पडली तर माणूस उतरायचा, टोपी घ्यायचा, पळत जाऊन परत बसायचा."

"अण्णा, पण मग गाडी चुकायला कारण काय देऊ? तुम्हीच सांगा."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाले, "शिट्टी मारली तर गार्ड थांबवंल की. मला कुणी मागनं शिट्टी मारली असती तर मी थांबवलीच असती."

मी तिथंच वही काढली. आपल्या डीकिनच्या खिशात शिट्टी. हॅट उडाली, ह्यानं शिट्टी मारली, गार्डाला वाटलं काहीतरी झालं, गाडी थांबली. लोक हसणार, असला कसला माणूस खिशात शिट्टी घेऊन फिरतो. आणि तिसऱ्या अंकात कळणार की ती पोलिसची शिट्टी होती. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या समोर ठेवलेली. मला रात्री झोप नाही आली आनंदानं.

अण्णांनी आणखी एक दिलं. टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. डब्याच्या एकेका टोकाला बोगी, तिला दोन चाकजोड्या, त्यामुळं रुळाच्या सांध्यावर एक ठोका नाही पडत, जोडीनं पडतो. ट-टक. मग जरा थांबून मागची बोगी, ट-टक. "आता रूळ जोडून टाकलेत लांबच्या लांब, हा आवाज गेला. पूर्वी तेरा मीटरचा तुकडा असायचा ब्रॉडगेजला, मी डोळे मिटून सांगायचो गाडी कितीनं पळतीय." घरी येऊन हिशोब केला, साठच्या स्पीडला सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर, म्हणजे पाऊण सेकंदाला एक सांधा. अण्णांच्या बोटांचा वेग मोबाइलवर रेकॉर्ड केला होता, त्याला लावून बघितलं. तंतोतंत.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मराठवाडा मुक्तिदिन. सुट्टीचा दिवस नाही आपल्याकडं, कारखान्यातनं सुटून आलो (टॉवेलचा कारखाना, मी डिस्पॅच बघतो), तालमीला बसलो आणि आजच्याच दिवशी टोळीचा प्रश्न आला.

टोळी कोण? एका पोराचं म्हणणं सरळ रझाकार दाखवा, टाळ्या पडतील. मी नको म्हणलं आणि ह्या बाबतीत मी हटणार नव्हतो. एक तर सोलापूरकर ज्या चार हुतात्म्यांच्या नावाच्या नाट्यगृहात बसून हे बघणार त्या चौघांत धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन एकाच दिवशी, १२ जानेवारी १९३१ ला, फासावर गेलेत. तिथं टाळीसाठी असलं काही करायचं नाही. आणि दुसरं, नाटकाच्या दृष्टीनं पण ते कच्चं आहे, कारण प्रेक्षकानं ज्याच्यावर संशय घ्यायचा तो आधीच वेशावरनं ओळखू आला तर थ्रिलर उरला कुठं.

शेवटी ठरलं, टोळी म्हणजे दोन्ही बाजूंना बंदुका विकणारे व्यापारी. ज्याला घाई आहे त्याला जास्त भाव. डॉक्टर म्हणून जो सभ्य माणूस येतो, तोच त्यांचा म्होरक्या. सरांना पटलं. त्या पोराला पण उशिरा का होईना पटलं, तो आता डॉक्टर करतोय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तालीम नाही. सीना नदीला पूर आलाय, माढा, मोहोळकडची गावं पाण्यात. आमचा स्टेशनमास्तर तिकडचाच, त्याच्या मामाचं रान गेलं. चार जण सामान घेऊन गेलेत. आक्कांनी दोनशे भाकऱ्या गोळा केल्या गल्लीतनं. नाटकाचं नंतर बघू.

५ ऑक्टोबर, रविवार

परत सुरू. आज पहिल्यांदा आवाज लावून बघितला. नेटवरनं वाफेच्या इंजिनाचा एमपीथ्री घेतला, चांगला क्लिअर, स्पीकर मोठा. आक्का घाबरून भिंतीला टेकतात, खिडकी थरथरते, गाडी येते.

काहीच झालं नाही. म्हणजे आवाज मोठा आला, पण गाडी आली नाही. दोन स्पीकरमधनं येणारा आवाज स्पीकरमध्येच बसून राहतो, डावीकडनं उजवीकडं सरकवला तरी कानाला कळतंच की हा डबा बोलतोय. अण्णांना मुद्दाम बोलावलं होतं. ते खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "चांगलंय. टीव्हीवर लागतं तसंच आहे."

सर म्हणाले चालंल की. मी म्हणलं सर एक आठवडा द्या.

कारण मूळ नाटकाची प्रयोगप्रत मी वाचलीय. शंभर वर्षांपूर्वी ह्यांच्याकडं काय होतं? बागेत फिरवायचा जड रोलर, तो स्टेजवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवरनं ढकलायचा. पत्र्याची टाकी. थंडरशीट, म्हणजे गडगडाटासाठी हलवायचा टांगलेला पत्रा. मोठा ढोल, छोटा ड्रम, त्यावर तारेचा ब्रश. शिट्ट्या. हवेचा सिलिंडर. आणि विंगेत एवढी माणसं की पुढच्या नटांपेक्षा मागचे जास्त दमायचे. साडेसहाशे वेळा लोकांनी त्या आवाजावर विश्वास ठेवला. आपल्याकडं तर ह्यापेक्षा भारी सामान गल्लोगल्ली पडलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

हा दिवस मी सविस्तर लिहिणार आहे.

आमची तालीम अशोक चौकाकडच्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चालते. बाराच्या बारा माग गेले विकून, कोपऱ्यात सामान उरलंय. त्यात एक रिकामा बीम. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा लोखंडी रूळ, ज्याच्यावर ताण्याचं सूत गुंडाळलेलं असतं, आणि सूत घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना परातीएवढ्या लोखंडी थाळ्या. माझे वडील आयुष्यभर मागावर होते, मी लहानपणी जेवणाचा डबा घेऊन जायचो आणि असल्याच बीमवर बसायचो. आणि आज, चाळीस वर्षांनी, मला ते चाक दिसलं. मधे दांडा, दोन टोकांना दोन चाकं. गाडीची चाकजोडीच ही, दुसरं काय.

आठ फुटी प्लायच्या चार फळ्या, म्हणजे बत्तीस फूट. त्यावर आडव्या सागवानी पट्ट्या ठोकल्या, एकेकटी नाही, जोडी जोडीनं, दोन पट्ट्यांत चार बोटं अंतर आणि पुढची जोडी दोन फुटांवर. अण्णांचं ट-टक. दोघांनी बीम उचलून ठेवला आणि ढकलला.

पहिल्यांदा पट्ट्या उखडल्या. बीम तिरका झाला आणि जाऊन भिंतीवर आदळला, प्लास्टर पडलं, नशीब कुणाच्या पायावर नाही आला. खिळे काढून स्क्रू मारले, पट्टीची धार रंध्यानं तिरकी केली म्हणजे थाळी अडकणार नाही, कडेला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टीचा बत्ता मारला. दुसऱ्यांदा नीट गेला पण आवाज बसका. फरशीला चिकटलेला प्लाय घुमत नव्हता. मग फळ्यांखाली तीन इंची बॅटन घालून पोकळी केली.

तिसऱ्यांदा ढकलला तेव्हा शेडच्या पत्र्यापर्यंत सगळं हललं. ट-टक, ट-टक, ट-टक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आवाज खरंच सरकत गेला कारण वस्तूच सरकत होती! बाहेरनं शेजारच्या शेडमधला माणूस पळत आला, हातात धोटा तसाच, "काय पाडलं बे?"

बत्तीस फूट आठ सेकंदात. ह्यापेक्षा जोरात ढकललं तर थांबवता येत नाही. शेवटी जुनी गादी लावलीय.

वडील असते तर. असो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. तालीम बंद. सहा बाय तीनचा जस्ती पत्रा मिळाला थंडरशीटसाठी, दिवाणखान्यात टांगून हलवून बघितला, आईनं घराबाहेर काढलं.

२ नोव्हेंबर, रविवार

परवानगी आली!! एका प्रयोगाची, रूपांतरासकट, अट एवढीच की जाहिरातीत मूळ लेखकाचं आणि मूळ नाटकाचं नाव ठळक पाहिजे. ते तर आम्ही केलंच असतं. ह्या माणसाचं नाव लोकांना माहीत व्हायला पाहिजे. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत हात कायमचा अधू झाला, तरी नटच व्हायचं म्हणून परत नाटकात आला. आणि म्हातारपणी, सत्तरी ओलांडल्यावर, बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' मध्ये प्रायव्हेट गॉडफ्रे केला, १९६८ ते १९७७, आणि तिकडच्या लोकांना तो ह्याच चेहऱ्यानं आठवतो. ज्या सेंट मार्टिन्सला ह्याची गाडी धावली तिथं १९७४ पासून 'द माउसट्रॅप' चालू आहे, ही पण एक गंमतच.

प्रकाशाचं पण जमत आलंय. गाडी जाताना वेटिंग रूमच्या खिडकीवरनं उजेडाचे चौकोन सरकले पाहिजेत. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला उभ्या खिडक्या कापल्या, आत एलईडी, डबा हातानं फिरवायचा. बीमच्या वेगाशी जुळवायला लाइटवाल्याला मी ठोके मोजत शिकवतोय, तो म्हणतो मला स्वप्नात ट-टक येतं.

वाफेला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. मोटार आधी चालवून टाकी भरून घ्यायची, प्रयोगात नुसता व्हॉल्व्ह उघडायचा, नाहीतर मोटारीचाच आवाज.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस आक्कांचा. मूळ नाटकात मिस बोर्न, जिनं जन्मात दारूला हात लावलेला नाही, ती घाबरून ब्रँडीची बाटली रिकामी करते आणि झोपून जाते. आपल्याकडं ती पंढरपूरहून येणारी मावशी आहे, बत्ताशांची पिशवी, बुक्क्याची पुडी, पिंजऱ्यात पोपट. तिला ब्रँडी कशी द्यायची ह्यावर दोन तालमी अडल्या होत्या. आक्कांनीच सोडवलं. "द्राक्षासव द्या मला. औषध म्हणून एक चमचा घ्यायला सुरुवात करते." आणि मग एक चमचा, दोन चमचे, मग झाकणानं, मग बाटलीच तोंडाला, आणि दरवेळी "वैद्यांनी सांगितलंय". आम्ही हसून हसून बाकावरनं पडलो. आणि ह्या हसण्याच्या अगदी मधोमध मी ठरवलं की पहिली लांबची शिट्टी इथं टाकायची. सर आधी म्हणाले विनोद मरंल. करून बघितलं. आक्कांचा हात बाटलीसकट हवेत थांबला, आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं.

ह्या जातीच्या नाटकाचं सगळं इथं आहे असं मला वाटतं. हसताना माणूस तोंड उघडतो, श्वास सोडतो, सैल होतो. त्याच क्षणाला दचकवायचं. आधी घाबरवून मग हसवणं सोपं आहे, त्याला नुसती सुटका लागते. उलटं अवघड.

२३ नोव्हेंबर, रविवार

सलग तालीम. दोन तास पाच मिनिटं, दहा मिनिटं कापावी लागणार. स्टेशनमास्तर भुताची गोष्ट सांगताना फार भूत होतोय, आवाज खोल, डोळे मोठे. सरांनी सांगितलं, तू रोज हेच बघतोस, तुला जेवायची घाई आहे, असं सांग. एकदम अंगावर आलं.

मागच्या बाजूला आम्ही सात जण. बीमला दोन, पत्र्याला एक, ढोल आणि ब्रश एक, व्हॉल्व्ह एक, डबा एक, आणि शिट्ट्या मी. बोलायचं नाही, मी हात वर केला की तयार, खाली केला की सुरू. पंचेचाळीस सेकंद. लांबची शिट्टी, मग ब्रश हळूहळू, मग ढोल, पत्रा थरथरायला लागतो, डबा फिरतो, बीम सुटतो, आणि बीम गादीला टेकला की सगळं कमी कमी होत ब्रशवर येऊन थांबतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हुतात्मा स्मृती मंदिर. सकाळपासून सेट. भाड्याच्या टेम्पोत फळ्या, बीम, पत्रा, पिंजरा, बाक. पोपट कापडाचा आहे, खऱ्याला बंदी आहे आणि असायलाच पाहिजे.

एक मोठी अडचण. मागच्या फ्लॅटला (सेटच्या उभ्या भिंतीला) लागून बीम गेला की फ्लॅट हलतोय. वेटिंग रूमची दगडी भिंत हलून कशी चालंल. सर ओरडले, फळ्या दोन फूट मागं घ्या. घेतल्या. मग मी पहिल्या रांगेत जाऊन ऐकलं, आवाज लांब गेला होता, पण भिंत स्थिर. मग अठराव्या रांगेत गेलो. तिथं मात्र लांब गेलेलाच आवाज जास्त खरा वाटत होता, रूळ खोलीच्या बाहेर वीसपंचवीस पावलांवर असावेत तसा. अडचण झाली म्हणून सापडलं. खिडकीची काच (ॲक्रिलिक आहे) मुद्दाम सैल बसवली, म्हणजे भिंत हलत नाही पण खिडकी थरथरते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नटराजपूजन, नारळ. तिसरी घंटा साडेसहाला. खालचं सगळं भरलेलं, वर तुरळक.

शिट्टीवर पहिलं हसू आलं, टोपी उडते तिथं. द्राक्षासवाला तर आक्कांना दोनदा थांबावं लागलं, पुढचं वाक्य ऐकूच जाईना. मी विंगेत हात वर करून उभा. हसू ओसरायची वाट नाही बघितली, ते अर्ध्यावर असतानाच लांबची शिट्टी दिली. हसू कापल्यासारखं थांबलं. मधेच एक लहान पोर "आई" म्हणालं तेवढंच.

मग हात खाली. मला पुढचं काही दिसलं नाही, फ्लॅटच्या मागं अंधार, डब्याचा उजेड फिरतोय, दोन पोरं वाकून बीम ढकलतायत, घामानं निथळलेली, थाळ्या पट्ट्यांवर नाचतायत आणि पायाखालचं स्टेज माझ्या पोटऱ्यांपर्यंत थरथरतंय. बीम गादीला टेकला. ब्रश थांबला. समोरनं काहीच आवाज नाही. एवढ्या लोकांचा श्वास नाही.

तिसऱ्या अंकात ती शिट्टी परत निघाली तेव्हा मागं कुणीतरी "अर्रर्र, तेव्हाच दाखवली होती की!" असं मोठ्यांदा म्हणालं.

प्रयोगानंतर अण्णा आत आले, काठी टेकत. बीम बघितला, फळ्या बघितल्या, पट्टीच्या जोडीवर बोट फिरवलं. म्हणाले, "चौथ्या फळीवर एक जोडी अर्धा इंच पुढं बसलीय. तिथं लेट होतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

२ डिसेंबर, मंगळवार

सामान परत केलं. पत्रा मी ठेवून घेतला. शेडमालकाला बीम द्यायला गेलो, थाळ्यांच्या कडा थोड्या घासल्या होत्या, मी भरून देतो म्हणलं. त्यांनी हातानं चाचपून बघितल्या, म्हणाले काही होत नाही, सूत धरंल. पलीकडच्या शेडवाल्याला चादरीची ऑर्डर आलीय, त्याला एक बीम कमी पडत होता. चार वाजता मी तिकडंच होतो, त्यांनी बीम चढवला आणि ताणा भरायला घेतला, पांढरं सूत, मधे लाल पट्टा.

अण्णांनी सांगितलेली चौथ्या फळीवरची जोडी सोडवून अर्धा इंच मागं घेतलीय. फळ्या आमच्या जिन्याखाली आहेत.